लाइन कधीही जाईल असं धरून डेटाबेस सर्व्हर कसा सांभाळायचा

डेटाबेस सर्व्हरबद्दलची बहुतेक माहिती अशा जागांसाठी लिहिलेली असते जिथं वीज जात नाही, खोली थंड असते आणि काही बिघडलं तर जाणकार माणूस तासाभरात पोचतो. पांढरकवडा, दर्यापूर, मंगरूळपीर किंवा सिंदेवाहीत यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. पतसंस्थेचा, जिनिंगचा किंवा दूध संकलन केंद्राचा सर्व्हर म्हणजे बहुतेकदा मॅनेजरच्या टेबलाखाली ठेवलेला डेस्कटॉप. मे महिन्यात त्या खोलीत चाळिशीपार तापमान, जूनमध्ये विजांचा कडकडाट, कापसाच्या हंगामात हवेत रुईचे तंतू. आणि त्याच डब्यात सभासदांच्या ठेवी, कर्जखाती, शेतकऱ्यांच्या काटापट्ट्या.

म्हणून इथं कामाचा क्रम वेगळा लावावा लागतो. डेटा परत उभा करता येईल याची खात्री सगळ्यात आधी. मग वीज गेली तरी झालेली नोंद टिकणं. मग डिस्क भरू न देणं. वेगाचा विचार सगळ्यात शेवटी. खाली उदाहरणं पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर यांची घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या सॉफ्टवेअरच्या पोटात बहुधा यांपैकीच एक असतो. मारियाडीबी असेल तर मायएसक्यूएलचं बहुतेक सगळं तिलाही लागू पडतं.

सुरुवात वहीपासून

सर्व्हरजवळ एक वही ठेवा. डेटाबेस कोणता, त्याची नेमकी आवृत्ती, डेटा फोल्डर कोणत्या ड्राइव्हवर, पोर्ट नंबर, बॅकअप कुठं जातो, सेटअपची फाइल कुठं ठेवली आहे, सॉफ्टवेअर देणाऱ्याचा फोन, हे सगळं तीत लिहा. पासवर्ड मात्र वहीत नको. तो बंद पाकिटात, सही करून, तिजोरीत ठेवा.

आवृत्ती लिहिण्याचा आग्रह यासाठी की पोस्टग्रेएसक्यूएल १४ चं डेटा फोल्डर १६ वर तसंच सुरू होत नाही, आणि नव्या एसक्यूएल सर्व्हरवर घेतलेला बॅकअप जुन्यावर चढत नाही. मशीन जळाल्यावर ही माहिती शोधायला जागाच उरत नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला डेटाबेसचा आकार आणि डिस्कवरची मोकळी जागा त्याच वहीत टिपा. चार-सहा महिन्यांत वाढीचा अंदाज येतो. एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती वापरत असाल तर हे जास्तच गरजेचं. तिच्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे (२०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झाली). ही मर्यादा डेटा फाइलवर आहे, लॉग फाइल (झालेल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या) तीत धरत नाहीत. ती गाठली की डिस्क अर्धी रिकामी असली तरी नवी नोंद होत नाही, आणि ऑपरेटरचा फोन येतो, "भाऊ, पावती सेव्हच होऊन नाही राहिली."

वीज, ऊन आणि धूळ

आधी अर्थिंग तपासून घ्या. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर यूपीएसवर खर्च करण्याआधी अर्थिंग दुरुस्त करा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी टाकायची जबाबदारी एका माणसाला नेमून द्या.

यूपीएस असा घ्या ज्याला यूएसबी केबलने सर्व्हरशी जोडता येतं, आणि ती केबल खरोखर जोडा. कितीतरी कार्यालयांत ती खोक्यातच पडून असते. यूपीएसचं खरं काम दोन तास सर्व्हर चालवणं नाही. बॅटरी संपत आली की सर्व्हरला नीट बंद व्हायला सांगणं हे आहे. लिनक्सवर 'नेटवर्क यूपीएस टूल्स' किंवा 'एपीसी-यूपीएस-डी' हे काम करतात. विंडोजवर कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा पॉवर ऑप्शन्समधली बॅटरीची सेटिंग पुरते. बॅकअप घेऊन झाल्यावर, डेटाबेस सेवा थांबवून, यूपीएसचा प्लग काढा आणि मशीन आपोआप बंद होतं का हे डोळ्यांनी बघा.

सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर ८ ते १० अंशांमागे ते साधारण निम्मं होतं. तेव्हा चंद्रपूर-वर्ध्याच्या उन्हाळ्यात कंपनीने सांगितलेल्या वर्षांवर विसंबू नका. दोन उन्हाळे काढलेली बॅटरी बदलायची, हा माझा हिशेब.

लाइन आल्यावर ती लगेच टिकते असं नाही. पाच मिनिटांत तीनदा येते-जाते. म्हणून बायोसमध्ये 'एसी पॉवर लॉस'नंतर मशीन आपोआप सुरू होण्याची सेटिंग बंद ठेवा आणि लाइन स्थिर झाल्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी, माणसाने सुरू करायचं असा नियम करा. अर्धवट सुरू झालेला डेटाबेस पुन्हा पुन्हा आपटण्यापेक्षा पंधरा मिनिटं हाताने पावत्या फाडणं परवडतं.

कूलरची हवा सर्व्हरवर सोडू नका. आपल्याकडं उन्हाळा म्हणजे कूलर हे खरंच, पण त्याच्या ओल्या हवेत आपल्या बोअरच्या जड पाण्याचे क्षार येतात आणि रॅमच्या, केबलच्या पिना गंजतात. एसी परवडत नसेल तर उत्तरेकडच्या, पत्र्याखाली नसलेल्या खोलीत, जमिनीपासून फूटभर वर सर्व्हर ठेवा आणि खोलीला एक्झॉस्ट लावा. जिनिंगमध्ये हंगामात दर पंधरवड्याला मशीन बंद करून, बाहेर नेऊन ब्लोअर मारा. मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर उलट्या फिरण्याने त्याची बेअरिंग जाते.

'सेव्ह झालं' याचा अर्थ

स्क्रीनवर पावती सेव्ह झाली म्हणजे ती डिस्कवर गेली असं तुम्ही समजता. ते खरं आहे की नाही हे काही सेटिंगवर ठरतं, आणि वेग वाढवण्यासाठी कुणीतरी नेमक्या त्याच बदललेल्या असतात.

मायएसक्यूएलमध्ये टेबलं सांभाळणाऱ्या भागाला इंजिन म्हणतात, आणि त्यातलं मुख्य म्हणजे इनोडीबी. त्याची 'इनोडीबी फ्लश लॉग ॲट ट्रँझॅक्शन कमिट' ही सेटिंग १ असली पाहिजे. ती २ असेल तर लॉग दर सेकंदाला एकदाच खात्रीने डिस्कवर जातो. वीज गेली की शेवटच्या सेकंदाभरातल्या नोंदी जातात. म्हणजे सभासदाच्या हातात छापील पावती आहे आणि खात्यात जमा नाही. बिनलॉग (सगळ्या बदलांची क्रमाने राहणारी वेगळी नोंद) वापरत असाल तर 'सिंक बिनलॉग' हीदेखील १ ठेवा.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'एफसिंक' (लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचवणं) आणि 'फुल पेज राइट्स' दोन्ही चालू हवेत. 'सिंक्रोनस कमिट' (नोंद डिस्कवर जाईपर्यंत थांबणं) बंद असेल तर फक्त शेवटच्या क्षणांतल्या नोंदी जातात. 'एफसिंक' बंद असेल तर अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो. या दोन धोक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'फुल पेज राइट्स' का हवं? डेटाबेस डेटा पानापानांनी लिहितो. पोस्टग्रेएसक्यूएलचं पान ८ केबीचं, इनोडीबीचं १६ केबीचं, आणि फाइल सिस्टिम सहसा ४ केबीच्या तुकड्यांत लिहिते. मधेच वीज गेली तर अर्धं पान नवं, अर्धं जुनं राहतं. पोस्टग्रेएसक्यूएल ते पूर्ण पानाच्या नोंदीवरून दुरुस्त करतं, इनोडीबी 'डबलराइट बफर'वरून. जागा वाचवायला हे बंद करू नका.

विंडोजमध्ये डिस्कच्या पॉलिसीत राइट-कॅश फ्लशिंग बंद करण्याची एक खूण असते. ती कधीही लावायची नाही.

जुन्या मायएसक्यूएल सॉफ्टवेअरमध्ये मायआयएसएएम प्रकारची टेबलं अजून सापडतात. लाइन गेल्यावर दरवेळी 'टेबल क्रॅश्ड' येतं आणि 'रिपेअर' चालवावं लागतं, ते यामुळेच. 'इन्फर्मेशन स्कीमा'मधून टेबलांची इंजिनं तपासा, सॉफ्टवेअर देणाऱ्याला विचारा आणि बॅकअप घेऊन ती इनोडीबीत बदला. मायएसक्यूएल ५.५ पासून, म्हणजे २०१० पासून, इनोडीबी हेच मूळ इंजिन आहे.

नवा एसएसडी घेताना 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' आहे का ते विचारा. त्यात छोटे कपॅसिटर असतात आणि वीज गेल्यावर कॅशमधला डेटा लिहिण्यापुरती ताकद ते देतात. घरगुती स्वस्त एसएसडीत हे सहसा नसतं. थोडे पैसे जास्त गेले तरी आपल्या भागात इथं काटकसर करू नये.

डिस्कची मांडणी

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं. दोन डिस्क असतील तर रेड-१, म्हणजे आरसा, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. चार असतील तर रेड-१०, म्हणजे अशा आरशांच्या दोन जोड्या. रेड-५ मध्ये जागा जास्त मिळते, पण प्रत्येक छोट्या लिखाणासाठी चार वेळा डिस्कला हात लावावा लागतो, आणि एक डिस्क गेल्यावर नवी बसवून ती भरेपर्यंत बाकीच्यांवर ताण येतो. तालुक्याच्या गावात बदली डिस्क यायला तीन-चार दिवस लागतात, हेही त्यात धरा. दोन्ही डिस्क एकाच खोक्यातल्या, एकाच लॉटच्या घेऊ नका. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून उडवलेलं टेबल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतं.

डेटाबेसच्या चालू फाइली वायफायवरच्या नेटवर्क ड्राइव्हवर किंवा क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका.

महिन्यातून एकदा 'स्मार्ट'ची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, माहिती बघा. हार्ड डिस्कमध्ये रीॲलोकेटेड (बदलून दिलेले), पेंडिंग (संशयित) आणि अनकरेक्टेबल (वाचता न येणारे) सेक्टर हे तीन आकडे महत्त्वाचे. पेंडिंग शून्यावरून वर चढला आणि वाढत राहिला तर डिस्क आजच मागवा.

डिस्क भरली तर

सगळ्यात जास्त नुकसान मी याच प्रसंगात होताना पाहिलं आहे, आणि ते डिस्क भरल्यामुळे कमी, घाबरून केलेल्या डिलीटमुळे जास्त.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'पीजी-वॉल' नावाचं फोल्डर फुगलेलं दिसतं. ते हाताने रिकामं करायचं नाही. त्यात वॉल, म्हणजे अजून डेटा फाइलमध्ये न पोचलेल्या बदलांच्या नोंदी, असतात. याचं नाव आधी 'पीजी-एक्सलॉग' होतं. नावात 'लॉग' बघून लोक ते उडवत, म्हणून २०१७ च्या १० व्या आवृत्तीत नाव बदललं गेलं. ते फुगण्याची कारणं बहुधा दोनच असतात. एक, 'अर्काइव्ह कमांड' (वॉलची प्रत दुसरीकडे नेणारी आज्ञा) फसते आहे, म्हणजे ज्या डिस्कवर प्रत जायची ती काढून ठेवली आहे किंवा भरली आहे. दोन, कधीकाळी दुसरा सर्व्हर जोडताना केलेला 'रेप्लिकेशन स्लॉट' तसाच पडून आहे. अर्काइव्हची वाट मोकळी करा किंवा निरुपयोगी स्लॉट काढा. पुढच्या चेकपॉइंटनंतर, म्हणजे साठलेले बदल डेटा फाइलमध्ये उतरले की, जागा आपोआप सुटते. १३ व्या आवृत्तीपासून स्लॉटमुळे किती वॉल साठू द्यायचं याला मर्यादा घालता येते, ती घाला.

मायएसक्यूएलमध्ये बिनलॉग वाढलेले असतात. तेही फाइल म्हणून उडवू नका, 'पर्ज बायनरी लॉग्ज' ही आज्ञा वापरा. ८.० मध्ये ते मुळात ३० दिवस ठेवले जातात. छोट्या डिस्कवर सात दिवस पुरे, पण रोजचा बॅकअप खरोखर होत असेल तरच.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटा फाइल २ जीबी आणि लॉग फाइल ४० जीबी असं चित्र दिसलं तर रिकव्हरी मॉडेल 'फुल' (बॅकअप होईपर्यंत लॉग जपणारं) आहे आणि लॉगचा बॅकअप कुणी घेतच नाही, असं समजा. मग ठरवा. दिवसाचं काम पुन्हा भरता येत असेल तर मॉडेल 'सिंपल' (लॉग आपोआप मोकळा करणारं) करा. येत नसेल तर दर अर्ध्या तासाला लॉग बॅकअप लावा. त्यानंतर लॉग फाइल एकदाच श्रिंक, म्हणजे लहान, करा. रोज श्रिंक लावू नका, फाइल पुन्हा वाढते, आणि डेटा फाइल श्रिंक केली तर इंडेक्सही विस्कटतात.

जुन्या नोंदी डिलीट केल्या म्हणून डिस्कवर जागा परत मिळत नाही. ती टेबलाच्या आतच पुढच्या नोंदींसाठी मोकळी राहते. पोस्टग्रेएसक्यूएलचं 'व्हॅक्यूम फुल' किंवा मायएसक्यूएलचं 'ऑप्टिमाइझ टेबल' जागा परत देतं, पण त्यासाठी टेबलाएवढी जागा आधी मोकळी लागते. म्हणजे डिस्क पूर्ण भरल्यावर हे उपाय हाताशी राहत नाहीत.

यासाठी एक साधी तजवीज करा. डेटाच्या ड्राइव्हवर २-३ जीबीची एक निरर्थक फाइल बनवून ठेवा. घरातलं बियाणं जसं खायला काढत नाहीत, तशी ती बाजूला राहू द्या. डिस्क भरून सगळं थांबलं की तेवढी एकच फाइल उडवायची. डेटाबेस सुरू होतो आणि शांत डोक्याने कारण शोधायला वेळ मिळतो. डिस्क ७० टक्के भरली की खरेदीची चर्चा सुरू करा, ८५ टक्क्यांना ती हातात असायला हवी.

बॅकअप

चालू डेटाबेसचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे. कॉपी होत असताना फाइली बदलत असतात. मायएसक्यूएलचा डंप (सगळा डेटा एका फाइलमध्ये काढलेली प्रत) घेताना 'सिंगल ट्रँझॅक्शन' पर्याय द्या, आणि 'रुटीन्स' व 'इव्हेंट्स' हे दोन्ही मागा, नाहीतर स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसच्या आतले छोटे प्रोग्राम) मागे राहतात आणि ते रिस्टोरच्या दिवशी कळतं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पीजी-डंप कस्टम फॉरमॅटमध्ये घ्या आणि वापरकर्ते, परवानग्या यांसाठी पीजी-डंपऑलने फक्त ग्लोबल्स वेगळे घ्या. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बॅकअपला 'चेकसम' (डेटा बिघडला आहे का हे तपासणारा पर्याय) जोडा. एक्सप्रेस आवृत्तीत एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, तेव्हा विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून चालवा.

रात्री दोनची वेळ लावू नका. गावातलं कार्यालय सहाला कुलूप लावतं आणि मेन स्विच खाली पाडतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक आणि कामकाज बंद होण्याआधी एक, अशा दोन वेळा लावा. फाइलच्या नावात तारीख आणि वेळ असू द्या. एकाच नावावर रोज लिहिलं तर खराब झालेला आजचा डेटा कालच्या चांगल्या प्रतीवर चढतो.

प्रती तीन, माध्यमं दोन, एक प्रत गावातच पण दुसऱ्या इमारतीत. दोन बाह्य डिस्क आलटून पालटून वापरा. एक नेहमी सचिवांच्या किंवा अध्यक्षांच्या घरी. सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्या तावडीत सर्व्हरसोबतच सापडते, म्हणून काम झालं की ती काढायची. घरी जाणारी प्रत एन्क्रिप्ट करा. तीत लोकांचे आधार क्रमांक आणि ठेवी आहेत.

कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी नको, हार्ड डिस्क घ्या. वीज न देता ठेवलेल्या एसएसडीतला डेटा उष्णतेत लवकर विरतो. जेडेक या इलेक्ट्रॉनिक्सची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात लिखाणाचं आयुष्य पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांत एक वर्ष आणि सर्व्हरसाठीच्या एसएसडीने ४० अंशांत तीन महिने डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा आहे. नवी डिस्क यापेक्षा बरीच जास्त टिकते, पण पत्र्याच्या खोलीतलं गोदरेजचं कपाट मे महिन्यात किती तापतं ते हात लावून बघा.

इंटरनेटवर प्रत पाठवायची असेल तर आधी हिशेब करा. ४ जीबीची फाइल ५ एमबीपीएस अपलोडवर जायला सुमारे पावणेदोन तास लागतात, तेही लाइन अखंड राहिली तर. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की दोन दिवस काहीच जात नाही. तेव्हा क्लाउडची प्रत ही जादाची धरा, एकुलती एक नको. आणि डेटाबेसचे पोर्ट (१४३३, ३३०६, ५४३२) किंवा रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ इंटरनेटला उघडा ठेवू नका, सपोर्टवाल्यांनी कितीही आग्रह धरला तरी.

रिस्टोरची रंगीत तालीम

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसचं फोल्डर उडालं. तेव्हा कळलं की पीजी-डंपचे बॅकअप होतच नव्हते, कारण डंप करणारं साधन जुन्या आवृत्तीचं होतं आणि ते फसल्याची सूचना कुणापर्यंत पोचत नव्हती. योगायोगाने सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावरून काम भागलं. सगळी साधनं असलेल्या ठिकाणी हे झालं. आपण तर दर महिन्याला तालीम करायलाच हवी.

१. दुसरा कोणताही संगणक घ्या आणि त्यावर तीच आवृत्ती वहीतल्या सेटअपवरून चढवा. चालू सर्व्हरवर तालीम नको.
२. घरी ठेवलेली डिस्क आणा. सर्व्हरवरची ताजी फाइल घेऊन तालीम करू नका, कारण खऱ्या दिवशी तो सर्व्हर नसेल.
३. घड्याळ लावा आणि रिस्टोर करा. लागलेला वेळ वहीत लिहा.
४. शेवटची पावती क्रमांक, सभासदांची संख्या, त्या दिवशीची रोकड शिल्लक आणि तेरीज छापील कागदाशी जुळवा. हे हिशेबनीसाने करायचं, संगणकवाल्याने नव्हे.
५. सॉफ्टवेअर त्या प्रतीला जोडून एक पावती छापून बघा.

३१ मार्चच्या आधी आणि दिवाळीनंतर कापसाची आवक वाढण्याआधी एक-एक तालीम जास्तीची करा. हंगामात मायएसक्यूएलच्या रोजच्या डंपसोबत बिनलॉग, किंवा पोस्टग्रेएसक्यूएलच्या पीजी-बेसबॅकअपसोबत वॉल (वॉल पीजी-डंपवर चढत नाही), वेगळ्या डिस्कवर जात राहतील असं लावलं तर दुपारी तीनला डिस्क गेली तरी पावणेतीनपर्यंतचा डेटा परत आणता येतो.

वेगाबद्दल थोडंच. मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल आणि पोस्टग्रेएसक्यूएलचे शेअर्ड बफर्स (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) दोन्ही मुळात १२८ एमबी असतात. मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर पहिला रॅमच्या निम्म्यापर्यंत, दुसरे चौथाईपर्यंत न्या. पोस्टग्रेएसक्यूएलमधली आपोआप सफाई, ऑटोव्हॅक्यूम, बंद करू नका. छोट्या कार्यालयाला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

लाइन गेल्यावर डेटाबेस उठत नसेल तर

आधी थांबा. रिकव्हरी चालू असेल तर ती पूर्ण होऊ द्या. पाच-दहा मिनिटं लागली म्हणून पुन्हा पुन्हा रिस्टार्ट देऊ नका. एरर लॉगमधल्या शेवटच्या पन्नास ओळींचा फोटो काढा. मग सेवा पूर्ण बंद करून अख्खं डेटा फोल्डर, जसं आहे तसं, दुसऱ्या डिस्कवर उतरवा. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे.

पोस्टग्रेएसक्यूएलचं 'पीजी-रीसेटवॉल' हे शेवटचं हत्यार आहे. ते सर्व्हर उठवतं, पण आतले हिशेब जुळतीलच असं नाही. मायएसक्यूएलमध्ये 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' १ पासून सुरू करा आणि एकेक पायरी वर जा. ४ आणि त्यापुढच्या पायऱ्या डेटा कायमचा खराब करू शकतात, तेव्हा तिथं जाण्याआधी कालच्या बॅकअपवर अधिक आजच्या कागदी पावत्या हा मार्ग स्वस्त पडतो का ते मॅनेजरसोबत बसून ठरवा. एसक्यूएल सर्व्हरच्या 'चेकडीबी'मधला डेटा गमावण्याची मुभा देणारा दुरुस्तीचा पर्यायही याच जातीचा. या मार्गांनी डेटाबेस उठलाच तर त्यावर काम सुरू करू नका. लगेच डंप काढा, कोऱ्या इन्स्टॉलेशनवर चढवा, तेरीज जुळवा, आणि मगच काउंटर उघडा.